आण्णांच्या उशाचा बोर्ड

भुताखेतावर माझा इश्वास न्हाय. आधीच सांगते, म्हंजे पुढचं ऐकून मला कुणी खुळी म्हणायला नको.

माझे सासरे आण्णा उद्यमनगरात फिटर होते. अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. एवढा बोलका माणूस, गप पडला. बोलवायला हाताशी घंटी दिली तर ती भिंतीवर फेकून मारली. मग गल्लीतल्या फक्रुद्दीन वायरमननं डोकं चालवलं. घरातल्या सगळ्या दिव्यांच्या वायरी ओढून आणल्या आणि आण्णांच्या उशाला एकच बोर्ड केला. स्वयंपाकघर, पुढचा सोपा, मागचं परडं. माणूस जिथं असंल तिथला दिवा आण्णा डाव्या हातानं लावायचे. दिवा लागला की आक्का, म्हंजे माझ्या सासूबाई, हातातलं टाकून पळायच्या. कधी पाणी हवं असायचं, कधी कूस बदलायची असायची. कधी कायबी नको असायचं, नुसतं आक्कांकडं बघायचं असायचं. आक्का लाजायच्या आणि मी भाकरी थापत हसायची.

आण्णा गेले. रक्षाविसर्जनाला पंचगंगेवर निवद ठेवला, तर कावळा शिवंना. सगळं गोत उन्हात उभं. आमच्या ह्यांनी, बाळासोंनी, हात जोडून कबूल केलं, आईला सांभाळतो, बहिणीला अंतर देत न्हाय. कावळा आपला झाडावर ढिम्म. आक्का तर रडून रडून खालीच बसल्या. माझं टाळकं सरकलं. पुढं झाले आणि मोठ्यानं म्हटलं, "आण्णा, तुमचा बोर्ड काढत न्हाय, जावा! आता तरी खावा की!" कावळा झपदिशी उतरला आणि भाताचा घास घेऊन गेला. जमलेली माणसं माझ्या तोंडाकडं बघायला लागली.

त्यानंतर थोड्या दिवसांनी भरदुपारी आम्ही दोघी तांदूळ निवडत होतो. खट्! स्वयंपाकघरातला दिवा लागला. मी जाऊन बघितलं तर आण्णांची बाज रिकामी आणि बोर्डावरचा खटका खाली दाबलेला. उंदीर असंल म्हणून मी खटका वर केला. मागं वळले तर आक्का पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या.

मग रोजचंच झालं. दिवा लागायचा आणि आक्का उठायच्या. ताटावरनं उठायच्या, अंघोळीतनं उठायच्या. रिकाम्या बाजेपाशी बसून बोलत राहायच्या. मी ओरडले, "आक्का, दोन घास तरी खाऊन जावा!" तर म्हणतात कशा, "हाक आली तर जायला नको व्हय गं?" अंगावरचं मांस झडलं, चोळीच्या बाह्या लोंबायला लागल्या. एकदा परड्यातला दिवा लागला म्हणून पळताना उंबऱ्यावर पडल्या, कपाळ फुटलं. मी हळद दाबत होते तर माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "आता पाणी मागत न्हाईत. मलाच ये म्हणत्यात."

तवा मात्र मी घाबरले. आण्णा आक्कांना घेऊन जाणार, हे मला दिसायला लागलं. आई मला लहानपणीच सोडून गेलेली. जे काय आईपण मिळालं ते ह्या बाईकडनं. तिला मी अशी सोडणार व्हय?

फक्रुद्दीनला बोलावलं. त्यानं बोर्ड उघडला, खटके नवे घातले. "वैनी, वायर झकास हाय. माझ्या कामात खोट न्हाय," म्हणाला. त्याचं बोलणं संपायच्या आत नवा खटका आपोआप खट्दिशी खाली दबला. बिचारा स्टुलावरनं उतरून थेट अंगणात गेला.

"काढून टाक सगळं," मी म्हटलं.

हे आडवे आले. "कावळ्याम्होरं शब्द दिलाय. मोडला तर बापाला गती मिळायची न्हाय."

"शब्द दिला कुणी? मी. मग मोडणार बी मीच!" मी बाजेपाशी जाऊन उभी राहिले. "आण्णा, लई सोसलंत तुम्ही, मला ठावं हाय. पर आक्का माझ्याकडं राहणार. माझ्या डोक्यावर काय पाप चढवायचं ते चढवा." फ्यूज मी काढला. फक्रुद्दीननं बोर्ड काढला, वायरी काढल्या, स्वयंपाकघरातला बल्बसुद्धा काढून नेला. आक्का भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. पर सांजेला माझ्या हातनं भाकरी खाल्ली. मला इतकं बरं वाटलं, की मी परड्यात जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी पीठ मळत होते. परातीत एकदम पिवळा उजेड पडला. वर बघितलं तर होल्डर रिकामा. आणि माझे पाय, मी काय ठरवायच्या आतच, तांब्या घेऊन चालायला लागले.

आक्का आण्णांच्या बाजेवर आडव्या होत्या. तोंड वाकडं झालं होतं, उजवा हात लाकडासारखा पडला होता. डाव्या हाताचं बोट भिंतीवर, बोर्ड होता तिथल्या उघड्या गिलाव्यावर दाबलेलं. डोळे माझ्याकडं लागलेले.

डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, वाचा परत येणं अवघड. बातमी ऐकून फक्रुद्दीन धावत आला. "वैनी, त्यास्नी बोलवायला सोपं पडंल. बोर्ड परत बसवू का?"

मी नको म्हटलं. आक्का बोट दाबतात, मला उजेड दिसतो, मी जाते.