चार बोटं खाली

भोजराज कापगते जाऊन चार महिने झाले होते. धान लोंबीला आलं होतं आणि रानडुकरं रोज बांधीत, धानाच्या शेतात, उतरत होती. भोजराजची रायफल आपल्या नावावर करावी म्हणून त्याच्या बायकोने, सुभद्राबाईने, अर्ज दिला. बंदूक धड आहे का आणि बाईला ती चालवता येते का, हे पाहायला ठाण्याचा जमादार गावात आला. बंदूक तपासायला त्याने हिरालालला बोलावलं.

मालगुजारी गेली तरी हिरालालची शिकाऱ्याची ऐट गेली नव्हती. मालगुजाराच्या हाक्यात, जनावरं हाकून केलेल्या शिकारीत, त्याने दोन वाघ मारले होते. तिसऱ्या वाघाची गोष्टही तो सांगायचा, पण ती पाहणारा त्याच्याशिवाय कोणी नव्हता. त्याने सुभद्राबाईच्या शेतातल्या मचाणापासून पन्नास पावलांवर बाभळीला सूप टांगलं, मधोमध चुन्याचा ठिपका लावला आणि दोन गोळ्या झाडल्या. दोन्ही ठिपक्याच्या चार बोटं वर लागल्या.

त्याने निकाल देऊन टाकला की बंदूक वर मारते. नेम धरायची मागची खाच कानसीने घासून खाली केली की गोळी ठिपक्यावर बसेल. जमादारालाही ते पटलं. त्याने बाईला समजावलं की एवढं करू दे, मी आजच चांगला रिपोर्ट लिहितो. नाहीतर बंदूक ठाण्यात जमा होईल.

हिरालालने खिशातून कानस काढलीसुद्धा. सुभद्राबाईने रायफल उचलून छातीशी धरली.

"कानस लावाची नाही," ती म्हणाली.

"काऊन वयनी? तुमच्या भल्याचंच सांगून राहिलो."

"भलं मले समजते."

तिला खरंच समजत होतं. भोजराज नेम धरायचा तेव्हा सूप टांगायला, पावलं मोजायला आणि भोक ठिपक्यापासून किती बोटं दूर पडलं ते पाहायला तीच असायची. डुकरं जंगलातून शेताच्या कडेच्या ज्या धुऱ्यावरून येत, तो मचाणापासून बरोबर शंभर पावलांवर होता. भोजराजने खाच त्या शंभर पावलांसाठी बसवली होती. गोळी नळीतून निघते ती नजरेच्या रेषेखालून. नळीचं तोंड जरासं वर असतं, म्हणून गोळी वाटेत ती रेष ओलांडून वर जाते, मग स्वतःच्या वजनाने खाली येते आणि शंभर पावलांवर पुन्हा रेषेला मिळते. पन्नासवर ती चार बोटं वरच असणार. खाच घासली तर पन्नासवर ठिपका फुटेल, पण धुऱ्यावर गोळी आठ बोटं खाली जाईल. डुकराचा पाय मोडेल, आणि असं पिसाळलेलं जनावर सकाळी गवत कापणाऱ्या बायांवर येईल.

जमादाराला हे काही उमगेना. बंदूक म्हणजे सरळ, असं तो म्हणाला.

"साहेब, आमी तलाव बांधनारे कोहळी," सुभद्राबाई म्हणाली. "तलावाचा पाट काढतो तवा डोळ्याले जमीन सरळ दिसते. पर पानी डोळ्याचं आयकत नाही, उताराचं आयकते. गोळीले बी उतार हाये."

बांधावर जमलेले लोक हसले. कोणीतरी म्हणालं, आता गोळीलाही पाट काढा.

तिने पदर खोचला, बसून नेम धरला. ठिपक्यावर नाही, त्याच्या चार बोटं खाली. हिरालाल मोठ्याने म्हणाला की बाई सुपाचा काठ मारून राहिली. तिने चाप ओढला. ठिपका फुटला.

"आंधळ्याच्या हाती बटेर, नशिबानं लागली," हिरालाल म्हणाला.

"मंग तुमीच मारा," ती म्हणाली. तिने सूप काढलं, मचाणापासून धुऱ्यापर्यंत मोठ्याने पावलं मोजत गेली, शंभरावर काठी रोवून सूप टांगलं आणि नवा ठिपका लावला. परत येऊन रायफल हिरालालच्या हाती दिली. "ठिपक्यावरच धरा, वर नाही अन् खाली नाही. चुकलात तं बंदुकीचा दोष की तुमचा, ते गाव ठरवल."

हिरालालने आजूबाजूला पाहिलं. सगळं गाव बांधावर होतं. मुद्दाम चुकवावं तर दोन वाघांची अब्रू जाणार, आणि लागलं तर बाई खरी ठरणार. बराच वेळ त्याने गाल बंदुकीच्या दस्त्याला लावून ठेवला. शेवटी शिकाऱ्याचाच हात होता, त्याला वाईट मारता आलं नाही. सूप हललं. जमादार स्वतः चालत गेला, सूप घेऊन आला आणि चुन्याच्या मधोमध पडलेल्या भोकातून त्याने हिरालालकडे पाहिलं.

मग तो खाटेवर बसून लिहू लागला: बंदूक धड आहे, बाईस चालवता येते.

सुभद्राबाई हलली नाही. "शंभर पावलांवर सरळ, असं लिवा. नाही तं उद्या दुसरा जमादार येईल अन् पुन्हा कानस मांगल."

असं रिपोर्टात लिहीत नाहीत, जमादार म्हणाला.

"मंग आजपासून लिवा."

ती रायफल मांडीवर घेऊन त्याच्यासमोर बसली. जमादाराने दौतीत टाक बुडवला, ओळीच्या वर बारीक अक्षरात ते शब्द घातले, आणि तिने सांगितलं तेव्हा सगळ्यांना ऐकू जाईल असे वाचून दाखवले.