गोदूच्या नावावर धरलेलं भिंग

मित्रांनो, मी एक जुनं भिंग आहे आणि मला माणसांची किळस येते. मुलांशी असं बोलू नये म्हणतात. पण माझ्या काचेतून सगळंच मोठं दिसतं, त्याला मी काय करू?

माझं कडं पितळेचं आणि मूठ शिसवीची. एका चष्मेवाल्याने काच घासून मला घडवलं. पुढची बरीच वर्षं कचेरीत मोडी वाचणाऱ्या यादवकाकांच्या हातात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी मला कामतघर भागातल्या आपल्या खोलीत आणलं. तिथे शेजारच्या कापडाच्या लूमच्या खडखडाटाने टेबल दिवसभर थरथरत असे.

लोक पूर्वजांची जुनी मृत्युपत्रं घेऊन येत. कोण कोणाचा, कोणाचा धंदा काय, हे काका माझ्यातून वाचून सांगत. "काकांचं भिंग म्हणजे सोनं!" असं म्हणून लोक थुंकी लावलेल्या बोटांनीच मला उचलत. ती घाण फडक्याने निघे. पण पणजोबा कुठे कारभारी निघाला की पेढे, आणि हमाल निघाला की नाक मुरडायचं, हे बघून मला शिसारी यायची. ज्याच्या घामावर घर उभं राहिलं, त्याच्याच घामाचा यांना वास!

२००६ साली वडपे गावचे केसरीनाथ आले. गळ्यात साखळी, हातात पणजोबांचं, बाळारामचं, मृत्युपत्र. त्यांना घराण्याचं पुस्तक छापायचं होतं. शिवाय बाळारामच्या माळावर गोडाऊन बांधायचं होतं आणि तिथे वकील अडून बसला होता. मृत्युपत्रात त्या माळाचा एक तुकडा 'लेक गोदू' हिला दिलेला होता. वकील म्हणत होता, गोदूचे वारस आणा, नाहीतर ती वारल्याचा दाखला आणा.

काकांनी मला पहिल्या ओळीवर धरलं. "बाळाराम, धंदा मिठागरावर मजुरी."

"मजूर न्हाय लिवायचा, काका," केसरीनाथ दचकून म्हणाले. "जमीनदार लिवा."

काकांनी मान खाली घातली आणि पुस्तकाच्या मजकुरात तसंच लिहिलं. मला वाटलं, आपलं कडं सोडून खाली पडावं.

तेवढ्यात शेलार गावची कमळ आली. सत्तरी ओलांडलेली, पाय सुजलेले. पुस्तकाची बातमी तिच्या कानावर गेली होती.

"माजे आयचा नाव गुणाबाई," ती म्हणाली. "बाळाराम तिचा बापूस. पुस्तकान तिचा नाव घाल बाबा, एवढाच पायजे. जल्मभर लोकांनी तिला तुमची मोलकरीन म्हनला."

"मोलकरीनच होती!" केसरीनाथ खेकसले. "पनजोबांची लेक गोदू. ती ल्हानपनीच मेली. गुणाबाई कोन हाय यात? दाखव!"

काकांनी मला पुढच्या ओळीवर सरकवलं. "लेक गोदू, शेलारच्या रामू नावाड्यास दिलेली." मग त्यांनी कमळला विचारलं, "तुझे वडील काय करायचे?"

"होडी चालवायचा ना. रामू नावारी. अख्खा शेलार वलखतं."

"मग गोदू ती गुणाबाईच. लग्नात सासरच्यांनी नाव बदललं," काका म्हणाले. "लेकीला सासरच्या नावाने बापाच्या कागदात शोधलं, तर सापडेल कशी?"

कमळने पदर तोंडात धरला. केसरीनाथांचा चेहरा मात्र क्षणात पालटला. "आत्या! बस ना, उभी कशाला? चा मागवतो." आणि लगेच माळाच्या तुकड्यावरचा हक्क सोडल्याचा कागद मागवला. पुस्तकात नाव घालायचा शब्द दिला. कमळने जमिनीकडे ढुंकून न पाहता अंगठा उठवला. मग केसरीनाथांनी मला उचललं आणि तो अंगठा रेघ न् रेघ तपासला. बाळारामच्या मृत्युपत्राकडे त्यांनी इतक्या प्रेमाने कधी पाहिलं नव्हतं. थू!

दिवाळीनंतर कमळ पुस्तक घेऊन आली. "मला वाचता येत न्हाय, भाऊ. आयचा नाव कुठं हाय ता दाखव."

काकांनी पानं उलटली. बाळारामखाली फक्त मुलगे होते, लेक नव्हतीच. मग काकांनी मला एका जागी धरलं आणि म्हणाले, "ही बघ. गोदू."

कमळने काचेतून पाहिलं. "केवढा मोठा लिवलाय," ती म्हणाली आणि त्या अक्षरांवर बोट टेकवून रडली. माझ्याखाली 'जमीनदार' हा शब्द होता.

काकांना दया आली असेल. मला मात्र त्या दिवशी त्यांच्या हाताचीही किळस आली.

मित्रांनो, मला पुसायला मऊ फडकं पुरतं, त्याची काळजी करू नका. पण अक्षर न ओळखणारी एखादी म्हातारी तुमच्यापुढे कागद धरील, तेव्हा त्यात जे लिहिलंय तेच वाचा. आणि तिच्या आईचं नाव त्यात नसेल, तर ते लिहून आणायला तिच्यासोबत जा.