मास्तरांना दिलेली कॉपी

"हा स्क्रू मेला पुन्हा ढिला झाला," शेजारच्या खुर्चीत मास्तर पुटपुटले, आणि तिची नजर त्यांच्या चष्म्यावर गेली — एका काडीला दोरा गुंडाळलेला, नीटनेटका, गाठ आतल्या बाजूला. गाठ अजून इतकी छान मारतात... मग बाकीचं कुठे जातं?

कॉलेजचं तोंड न पाहिलेल्या तिला प्रोग्रॅम लिहायला शिकवलं ते मास्तरांनीच. ग्राहकाचं नाव, पत्ता, सवलत असं सुटं सुटं देत बसू नकोस, म्हणायचे. सगळ्याचं एक गाठोडं बांध आणि ते मूळ गाठोडंच प्रोसिजरच्या, म्हणजे एकेक काम करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या तुकड्याच्या, हवाली कर. ती आत जे बदलेल ते तुला बाहेर बदललेलं मिळेल. हवाली करायचं म्हणजे भरवसा आला — हेही तेच म्हणायचे.

आणि आता माल पाठवायच्या त्यांच्या प्रोसिजरमध्ये पत्ता पुसणारी एक ओळ होती. तपासणीपुरती घातलेली, काढायची राहिलेली. दाखवली तेव्हा ओशाळून काढली. दुसऱ्या दिवशी त्यांनीच ती पुन्हा तिथे घातलेली. पुन्हा दाखवायचा धीर कुणाला झाला नाही. ऑफिसातले सगळे गुपचूप गाठोड्याची कॉपी करून तीच त्यांच्या प्रोसिजरला देऊ लागले — पुसू दे काय पुसायचं ते, मूळ शाबूत. पण त्यांनी काढलेली माल पोचायची तारीखही कॉपीबरोबरच विरायची. मग सगळे ती तारीख दुसरीकडून काढून घ्यायचे. हळूहळू बैठकीतही तेच. त्यांचं म्हणणं ऐकायचं, माना डोलवायच्या, आणि करायचं ते आधीच ठरलेलं... जिवंत माणसाला असं कॉपीवर ठेवायचं? आणि मीही त्यातलीच, वर त्यांना चहा नेऊन देणारी.

आज नाही. सकाळी केस विंचरतानाच तिने ठरवलं होतं. रडू आलं तरी बोलायचं.

तिने कॉपीची ओळ खोडली आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. "मास्तर, जरा बघता?"

ते वाकले. त्यांचं बोट ओळीओळीने सरकत रिकाम्या जागेपाशी थांबलं, तिथेच राहिलं. घोकून ठेवलेलं वाक्य तिच्या ओठांशी आलं, आणि एकाएकी तिला वाटलं, आपण इतके दिवस त्यांना नाही, स्वतःलाच जपत होतो. खुर्ची तिने जवळ ओढली.

"इथली कॉपी काढलीस," मास्तर म्हणाले. चष्मा काढून त्यांनी दोऱ्यावरून अंगठा फिरवला. "बरं केलंस. मला विसरायला होतं गं हल्ली... तुम्ही कुणी म्हणेना, म्हणून मीही म्हटलं नाही."