चौथ्या तुकड्यावर जोर

मास्तरांनी बोटाने टेबलावर पाच ठोके दिले, चौथा जरा जोरात.

"कन्-ग्रॅ-च्यु-ले-शन्स."

समोर बसलेल्या बायकोने डाव्या हाताने तसेच पाच ठोके दिले, चौथाही बरोबर जोरात. तोंडातून मात्र नुसती हवा आली.

स्पीच थेरपिस्ट तरीही खूश होती. इतका सोशिक नवरा लाखात एक, असं ती प्रत्येक वेळी सांगायची. मास्तरांना ते कौतुक काट्यासारखं टोचायचं. उभी हयात इंग्रजी शिकवण्यात गेली त्यांची. घरात सोसायचं काम बायकोनेच केलं होतं.

हा शब्दही तिनेच शिकायला घेतला होता. नात पदवीधर झाली, तिला फोनवर इंग्रजीतून शाबासकी द्यायची, असं तिने मनावर घेतलं होतं. त्या दिवशी सकाळी सात वाजता, चहा घेताना, तिची जीभ तिसऱ्या तुकड्यावर अडखळली. मग पहिल्यावरही. मास्तर चिडले. लक्ष कुठे आहे तुझं, म्हणाले. अर्धा तास तेच तेच म्हणायला लावलं, दगडावर डोकं आपटतोय असं ऐकवलं आणि तणतणत फिरायला निघून गेले. नऊला परतले, तेव्हा ती स्वयंपाकघरात जमिनीवर होती. इस्पितळात विचारलं, कधीपासून असं होतंय? "आत्ताच," ते म्हणाले होते. मुलीलाही तेच सांगितलं. पक्षाघाताचा झटका आलेल्या बाईला आपण उच्चार सुधारायला लावत होतो, हे सांगणार कोणत्या तोंडाने?

थेरपिस्टने फाईल पुढे ओढली. एक रकाना रिकामा राहिला होता.

"सर, त्रास नेमका किती वाजता सुरू झाला?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तीन महिने गिळलेलं आता बाहेर काढायचंच, असं त्यांनी ठरवलं.

"खरं सांगायचं तर, मी त्या सकाळी..."

बायकोने डावा हात त्यांच्या मनगटावर दाबून धरला. तिच्या गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या. ओठ दोनदा हलले, थांबले.

"नऊ," ती म्हणाली.

झटक्यानंतरचा तिचा पहिला स्पष्ट शब्द. थेरपिस्टचे डोळे चमकले. तिने घाईघाईने रकान्यात नऊ लिहिलं.

"बघा सर, तुमच्या मेहनतीचं फळ."

बायको दमून खुर्चीत मागे टेकली. मनगटावरचा हात मात्र तिने काढला नाही, आणि मास्तरांना तिच्याकडे पाहवेना.