यमाच्या वाटेवरचा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी दरवाजा आहे. जन्म सातपूरच्या कारखान्यातला. नाशिकच्या या रुग्णालयात मला तिसऱ्या मजल्यावर चढवताना चार हमालांच्या मिशा गळून पडल्या. खोटं वाटत असेल तर मिशांना विचारा. माझ्या अलीकडे अतिदक्षता विभाग, पलीकडे बाळंतिणी. आग लागली की धूर अडवायचा आणि माणसं सोडायची, एवढंच माझं काम.

पण माझं तोंड दक्षिणेला! मालक डॉक्टर ढुंढिराजांनी वास्तुवाले बोलावले. ते म्हणाले, "ही तर यमाची वाट." झालं, मला कुलूप. कुलूप बघून यम आल्या पावली परत जातो, अशी या शिकलेल्या मंडळींची समजूत! वर माझ्या अंगावर सलाईनची खोकी रचली ती वेगळीच.

एकदा आगीत रुग्णालय रिकामं कसं करायचं याची चर्चा माझ्यासमोरच झाली. डॉक्टरांनी फर्मान सोडलं, "सगळ्यांनी जिन्यानं खाली, दारातल्या गणपतीपाशी."

"सगळ्यांनी?" अतिदक्षतेच्या सरिता सिस्टर म्हणाल्या. "तपासणीला आलेले चालत जातील, सर. बाळंतिणी बाळं घेऊन पलीकडच्या जिन्यानं उतरतील. पण या मालनबाई ऑक्सिजनवर आहेत, त्या काय उड्या मारत जाणार? यांची खाट सरळ या दरवाजातून पलीकडे ढकलायची."

"दक्षिणेचं दार नको हो!"

"गोदावरीला दक्षिणगंगा म्हणून डुबकी मारता ना, सर? तिथली दक्षिण बरी चालते?"

दिंडोरीच्या मालनबाईंनी मास्क जरा बाजूला केला. "यमाला जिना बी चढता येतो, डागदर. उघडा ना ते!"

सगळे हसले. डॉक्टरांचं तोंड एवढंसं झालं, पण कुलूप निघालं. खोकीही हलली.

थोड्याच दिवसांत भर दुपारी अतिदक्षतेतला एसी पेटला. सरिता सिस्टरांनी छोटा सिलिंडर मालनबाईंच्या खाटेवर टाकला आणि खाट माझ्याकडे रेटली. मी उघडलो. माझ्या बिजागऱ्या अशा किंचाळल्या की पंचवटीतली कबुतरं उडाली! एकामागून एक खाटा पार झाल्या. डॉक्टर मात्र आधी अलीकडच्या जिन्याकडे पळाले होते. तिथे धुरानं गाठलं, तसे वळले आणि आले यमाच्याच वाटेनं, धोतर सुटल्यासारखे धावत. त्यांच्यामागे मी मिटलो. धूर अलीकडेच राहिला.

सगळे वाचले. मग वास्तुवाले परत आले. होकायंत्र फिरवून म्हणाले, "ही दक्षिण नव्हेच! ही आग्नेय, अग्नीची दिशा. म्हणून तर वाचलात." भिंत तीच, मी तोच, आगीनं माझी दिशा तेवढी बदलली. डॉक्टरांनी पेढे वाटले, मला हार घातला, आणि माझ्यापुढे चौरंग मांडून त्यावर अखंड दिवा लावला. ऑक्सिजनच्या शेजारी!

घरी निघालेल्या मालनबाई तो दिवा बघून थबकल्या. "सिस्टर, ह्यांना पुन्हा पेटायची हौस हाय का काय?" असं म्हणून त्यांनी स्वतःच फुंकर मारली.

मित्रांनो, दिवा विझला, पण चौरंग अजून तिथेच आहे. मला हार नको, दिशा नको. तुमच्यापैकी कुणी इकडे आलात, तर वाटेतला तेवढा चौरंग बाजूला करा.