सावागुची बाईंचं खोकं

“सर, डोंगराच्या देवीला बायका चालत नाहीत म्हणतात. मग तुमच्या खाणविभागात ज्या मुली येतात, त्यांना काय बोगद्याबाहेर बसवून ठेवता?”

प्रश्न तोंडातून सुटला आणि सभागृह असं चिडीचूप झालं की पंख्यांची घरघर ऐकू यायला लागली. ‘कुणाला काही विचारायचंय?’ असं वक्त्याने म्हटलं की माना खाली घालून बसायचं असतं, विचारायचं काही नसतं, हे जपानच्या या इशिगामी गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. आणि इथे राष्ट्रीय विद्यापीठाच्या खुल्या दिवशी, गावोगावची पोरं नि त्यांचे आईबाप यांच्यादेखत, चिनात्सु हाताकेयामा माइक धरून ताठ उभी!

मागच्या रांगेत तिच्या मैत्रिणी माओ आणि शिओरी एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून फिदीफिदी हसत होत्या. पैज त्यांचीच. सकाळी बसमध्ये माओ म्हणाली होती, “तू आणि प्रश्न? गेल्या वर्षी हजेरीला ‘हजर’ म्हणायचीस ते तुझं तुला तरी ऐकू यायचं का?”

गेल्या वर्षीचं खरंच होतं. पण या वसंतात शाळेच्या वादसभेत चिनात्सु एकदा उभी राहिली, चक्क जिंकली, आणि तेव्हापासून तिचा आवाज जो उघडला तो बंद व्हायचं नाव घेईना. “बघच तू,” ती म्हणाली होती. “पैजेचा गोड खरबूज पाव तयार ठेवा.”

देवीचं खूळ मात्र तिच्याच घरचं. बाबा डोंगरात रस्त्याचे बोगदे खणणारे. त्यामुळे घरात भातावर सूप ओतायचं नाही, डोंगर ढासळल्यासारखं दिसतं. शीळ घालायची नाही. आणि बोगदा आरपार होईपर्यंत घरातल्या बाईने त्याच्या तोंडाशीही फिरकायचं नाही, कारण डोंगराची देवी स्वतः बाई आणि स्वभावाने मत्सरी. बाबा म्हणायचे, “माझा विश्वास नाही. पण मोडायचं कशाला?”

व्यासपीठावरचे नारिता सर बुटके, रापलेल्या मानेचे, सुटाखाली चिखलाचे बूट घातलेले. ते रागावले नाहीत. कपाळ खाजवून म्हणाले, “तू थट्टेत विचारलंस. पण आम्ही खरंच बसवून ठेवली होती. एकीला. चार वर्षं.”

माओचं हसू तिथेच विरलं.

“हे विद्यापीठ व्हायच्या आधी इथे नुसती खाणशाळा होती,” सर सांगू लागले. “डोंगरात तांबं, चांदी, शिसं भरपूर, पण ते काढायची अक्कल उसनी आणावी लागायची. सरकारची तिजोरी रिकामी. तेव्हा गावातल्या तांदळाची साके-दारू गाळणाऱ्यांनी वर्गणी काढली आणि शाळा उभी केली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिचं राष्ट्रीय विद्यापीठ झालं, मुलींना दार उघडलं, आणि पहिल्याच वर्षी परीक्षेत सगळ्या मुलांच्या डोक्यावर पाय देऊन एक मुलगी आली. तोशिए सावागुची. वर्गात बसली. पण सरावाच्या बोगद्याशी पोचली तर मुकादम हात आडवा करून उभा. देवीचं कारण, आणि मागाहून कायद्याचंही. बायकांनी जमिनीखाली काम करायचं नाही, असा कायदाच होता आपल्याकडे.”

“मग?” हे चिनात्सुने विचारलं. पैजेत एवढंच होतं की एक प्रश्न विचारायचा, पण माइक अजून तिच्याच हातात होता.

“मग तिने दगड वाहायचं एक लाकडी खोकं पालथं घातलं आणि बोगद्याबाहेर बसली. मुलं आतून दगड आणायची. ती फोडायची, वजन करायची, कुठल्या भिंतीचा, किती आतला, विचारून घ्यायची. आमच्याकडचं खनिज काळं असतं, सगळे धातू एकमेकांत असे गुंतलेले की भले भले हात टेकतात. दोनेक वर्षांत असं झालं की तीच आत जाणाऱ्यांना सांगायची, आज डावीकडे खणा. खणायचे, आणि माल लागायचा. तिने लावून ठेवलेल्या दगडांवर आम्ही अजून शिकवतो. खाणी बंद पडल्या, पण गुंतलेले धातू सोडवायची विद्या राहिली. आज तुमचे जुने मोबाइल दळून त्यातलं सोनं, तांबं वेगळं करतो ते त्याच विद्येवर. मंगोलियातून, आफ्रिकेतून पोरं येतात ती शिकायला.”

“आणि सावागुची बाई आत कधी गेल्या?”

“नाही गेल्या,” सर म्हणाले. “कायदा बदलला, तोवर त्या वारल्या होत्या.”

नंतर सरांनी हौशी मंडळींना इमारतीमागच्या टेकडीतला तो सरावाचा बोगदा दाखवायला नेलं. वाटेत शिओरीने कोपर मारलं, “जिंकलीस बाई! पण एवढं कुणी विचारायला सांगितलं होतं? मुलाखत घेत होतीस का?”

बोगद्याच्या तोंडाशी गवताचा दोर बांधलेलं देवीचं छोटंसं देऊळ होतं. सगळ्यांना शिरस्त्राणं वाटली. पोरं टाळ्या वाजवून, वाकून नमस्कार करून आत शिरायला लागली. आणि चिनात्सुचे पाय जमिनीला चिकटले.

“काय गं वाघीण?” माओ म्हणाली. “आता शेळी?”

“बाबांचा बोगदा शुक्रवारी आरपार होणार आहे,” चिनात्सु पुटपुटली. गेल्या वर्षीचा आवाज परत आला होता. “शेवटचा थोडा कातळ उरलाय.”

“अगं, तो डोंगर वेगळा, हा वेगळा!”

“देवी एकच आहे ना पण.”

नारिता सरांनी ऐकलं. त्यांनी आग्रह केला नाही. “आत यायलाच पाहिजे असं नाही,” ते म्हणाले. “बाहेर थांबलीस तरी चालेल. बसायला ते आहे.”

देवळाशेजारी एक जुनं लाकडी खोकं पालथं ठेवलेलं होतं. वरची फळी मधोमध झिजून गुळगुळीत झाली होती.

चिनात्सु त्या फळीकडे पाहत राहिली. चार वर्षं! हिवाळ्यात बर्फात, उन्हाळ्यात डासांत. आत जाणाऱ्या प्रत्येक पोराची पाठ बघत. आणि आपल्याला कुणी अडवलेलंही नाही, तरी आपण आपल्या पायांनी तिथे जाऊन बसायचं?

तिने देवळासमोर दोन टाळ्या वाजवल्या, वाकली, आणि सभागृहातल्यापेक्षा मोठ्याने म्हणाली, “देवी, मी चिनात्सु. मी आत येतेय. राग आला तर माझ्यावर काढ, बाबांच्या वाटेला जायचं नाही!”

“देवीलाच दम देतेय ही,” शिओरी म्हणाली.

आत गारवा होता, ओल्या दगडाचा वास होता. सरांनी विजेरी फिरवली आणि काळी भिंत जागोजाग लखलखली. पिवळं चमकतं ते तांब्याचं, करडं शिशाचं, ही पांढरी रेघ डोंगर समुद्राच्या तळाशी असतानाची, सर सांगत गेले. चिनात्सु सुटलीच. समुद्र? या डोंगरात? कधी? मग वर कसा आला? हातोडी मिळेल का? हा तुकडा तिकडच्यापेक्षा जड का लागतो? शेवटी माओने तिला दंडाला धरून बाहेर ओढलं, “बस चुकेल, बये!”

बसमध्ये खरबूज पाव खाताना माओने शहाणपण शिकवलं. “शुक्रवारपर्यंत घरी तोंड उघडू नकोस. बोगदा नीट पार झाला की सांग, देवीची हरकत नव्हती म्हणून.”

सल्ला सोन्यासारखा होता. चिनात्सुने तो पावाबरोबर चावून चावून पाहिला. पण शुक्रवारी काही अडलं तर? मग ती कधीच काही सांगणार नाही, आईने ठरवलेलं नर्सिंग करेल, आणि आयुष्यभर म्हणेल की देवीची इच्छा. म्हणजे ठरवलं कुणी? मी का त्या कातळाने?

शनिवार होता, बाबा घरी आले होते. जेवणात गार शेवया, तळलेली वांगी आणि धुरावलेल्या मुळ्याचं लोणचं.

“नर्सिंगची इमारत बघितलीस ना?” आईने विचारलं.

“लांबून.” चिनात्सुने जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. “बाबा, मी आज बोगद्यात गेले होते.”

बाबांच्या काड्यांतली शेवई तशीच लोंबत राहिली.

“अगं कार्टे!” आई म्हणाली. “शुक्रवार तोंडावर आलाय!”

“कुणी ढकललं?” बाबांनी विचारलं.

“कुणी नाही. नमस्कार करून गेले.”

बाबांनी शेवई वाटीत सोडली. मग म्हणाले, “आठवडाभर थांबून सांगितलं असतंस तरी चाललं असतं. माझ्या बोगद्यावरच्या पोरांच्या कानावर गेलं तर उगाच कुजबुजतील.”

“चाललं असतं. पण मग तुमचा बोगदा पार झाला म्हणून मी ठरवलं, असं झालं असतं. मला तसं नकोय.”

“काय ठरवलंस?” आईचा आवाज एकदम बारीक झाला.

चिनात्सुने पाठ ताठ केली. माइक नव्हता, पण आता तो लागतही नव्हता.

“आई, नर्सिंग नाही. सप्टेंबरात पुढचं शिक्षण ठरवायला शाळेत वर्गाच्या बाईंसमोर आपण तिघं बसू, तेव्हा मी इशिगामीचा खाणविभागच सांगणार आहे. परीक्षा अवघड आहे, माझं गणित लंगडं आहे, ते माझं मी बघते. बाबा, तुमचा बोगदा शुक्रवारी पार होवो, नाहीतर महिनाभर अडो, मी जाणार. आणि आतच जाणार.”