जावईबापूंचं औषध

"आजपासून या दवाखान्यात वैद्यकशास्त्राचं नवं पर्व सुरू होत आहे," डॉक्टर मुरलीकृष्णांनी उभं राहून जाहीर केलं. "आजवर डॉक्टर बोलत आला आणि रोगी ऐकत आला. यापुढे रोगी बोलेल आणि डॉक्टर ऐकेल. माझ्या उपचारांत काय चुकतं, ते बेधडक सांगा. मी तयार आहे."

पहिल्या बाकावरचे हनुमंतराव उठले. डॉक्टरांनी छाती थोडी पुढे काढली.

"जावईबापू, अगोदर तुम्ही बसून घ्या," हनुमंतराव म्हणाले. "तुम्ही उभे आणि आम्ही बसलेले, हें बरं दिसत नाही."

डॉक्टर बसले. नवं पर्वही त्यांच्याबरोबर बसलं.

रविवारची सकाळ होती. तंजावरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतली सगळी जुनी मराठी मंडळी दवाखान्याच्या बाकांवर दाटीवाटीनं बसली होती. कधीकाळी राजांबरोबर आलेल्या या घराण्यांतल्या तलवारी केव्हाच गेल्या होत्या. मराठी आणि मधुमेह मात्र पिढीजात टिकून होते.

डॉक्टर मूळचे जवळच्या ओरत्तनाडूचे. गल्लीतल्या भवानीशी त्यांचं लग्न झालं आणि त्याच गल्लीत त्यांनी दवाखाना काढला. सासुरवाडीत दवाखाना काढू नये, हे वैद्यकीय महाविद्यालयात कुणी शिकवत नाही. भवानीचा नवरा म्हणजे साऱ्या गल्लीचा जावई, आणि जावयाच्या औषधाला नाव कोण ठेवणार? कुणाची साखर तीनशेवर गेली, तरी तो माणूस "छान वाटतंय" म्हणूनच सांगायचा आणि निघताना केळी ठेवून जायचा.

शेवटच्या बाकावर, खांबाच्या आडोशाला, चंद्रमतीबाई बसल्या होत्या. या डॉक्टरांच्या सख्ख्या सासूबाई. लग्नापासून आजपर्यंत त्या जावयाशी थेट एक शब्द बोललेल्या नव्हत्या. भांडण नव्हतं, त्यांच्या घरची रीत होती. जावई हातभर अंतरावर पानावर बसलेला असला, तरी त्या म्हणायच्या, "भवानी, त्यांना आणखी रसम हवं कां विचार." आणि जावई म्हणायचा, "भवानी, पुरे म्हणून सांग."

या रीतीनं सगळं सुरळीत चाललं होतं. मग डॉक्टरांनी सासूबाईंची मधुमेहाची संध्याकाळची गोळी वाढवली आणि पुढच्या काही आठवड्यांत चंद्रमतीबाई दोनदा पहाटे स्वयंपाकघरात पडल्या. डॉक्टरांनी रक्त तपासलं, हृदय तपासलं, कानसुद्धा तपासले. काही सापडेना. भवानीमार्फत विचारलं, तर भवानीमार्फत उत्तर आलं, "सगळं उत्तम आहे म्हणते आई."

त्यांच्या चेन्नईच्या मुलाला, विश्वेशला, हे "उत्तम" पटलं नाही. आणखी एकदा पडलीस तर तुला इकडे घेऊन येतो, असं त्यानं सांगून टाकलं आणि एक मोठी सुटकेसही पाठवून दिली.  संध्याकाळी गाणं शिकायला येणाऱ्या मुलींना चंद्रमतीबाईंनी पुढचं गीत सुरू करून दिलं आणि सुटकेसमध्ये उन्हात वाळवलेले तांदळाचे वडाम भरून ठेवले.

तर आजची सभा खरी त्या एका खांबासाठी होती. हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते कुणालाच ठाऊक नाही असं फक्त डॉक्टरांना वाटत होतं.

"बोला ना," डॉक्टर म्हणाले.

"तुमच्या हाताला यश आहे," हनुमंतराव म्हणाले.

"हे नको. चूक सांगा."

"चूक एवढीच, की तुम्ही फी फार कमी घेता."

"तुमच्या गोळ्या सुरू झाल्यापासून माझ्या सुनेचा स्वभाव सुधारला," वरलक्ष्मीबाईंनी भर घातली. सून शेजारीच बसली होती. तिनं पंख्याकडे पाहिलं.

"वरलक्ष्मीबाई, पण तुमची साखर उतरत नाही."

"तो त्या साखरेचा हट्टीपणा, जावईबापू. त्यात तुमचा काय दोष?"

एवढ्यात नर्स अलमेलु बिनसाखरेच्या कॉफीचा ट्रे घेऊन आली. अलमेलु पापनाशमची, तिला मराठीचं अक्षर येत नव्हतं. तिच्यामुळे बाहेरचा नंबर-फीचा कारभार तमिळमध्ये चालायचा; आत डॉक्टरांशी मात्र सगळे मराठीत बोलायचे. तिनं बाकांवरून नजर फिरवली आणि तमिळमध्ये विचारलं, "काय हें? मुलगी बघायला आल्यासारखे बसलात सगळे!"

"डॉक्टर विचारतायत, त्यांचं काय चुकतं म्हणून," हनुमंतरावांनी तमिळमध्येच सांगितलं.

"मग सांगा की! बाहेर माझं डोकं खाता रोज."

हनुमंतरावांनी कॉफीचा पेला उचलला, डॉक्टरांकडे पाठ केली आणि अलमेलुला सांगायला लागले.

"अगं, हा डॉक्टर मला दुपारी चारला चालायला सांगतो. मे महिन्यात. तंजावरात! मी चालत चालत कॉफी क्लबात पोचतो. तिथे पंखा आहे. आता पंख्याखाली कुणी फुकट बसू देतं कां? मग कॉफी घ्यावी लागते. नुसती कॉफी बरी दिसत नाही, म्हणून एक वडा."

"आणि ते ओट्स," वरलक्ष्मीबाईही तमिळमध्ये उतरल्या. "लापशीसारखे गिळवत नाहीत. मी गूळ घालून पायसम करते. छान होतं. दोनदा घेते."

"सासूबाई, दोनदा?" सून म्हणाली. तीही तमिळमध्ये.

बघता बघता बाकांना वाचा फुटली. हा डॉक्टर असं करतो, हा डॉक्टर तसं सांगतो. डॉक्टरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पहिला शब्द मराठीत ओठांवर आला होता. समोरचे चेहरे पाहून त्यांनी तो गिळला. तमिळमध्येही जावयाला शब्द आहे, चांगला मानाचा आहे. पण तो आत्ता कुणीच वापरत नव्हतं. मराठीत ते जावईबापू होते. तमिळमध्ये ते नुसते डॉक्टर होते, आणि डॉक्टरची तक्रार करायला कुणाचीच हरकत नव्हती.

डॉक्टरांनी खुर्ची हळूच फिरवली. आता त्यांचं तोंड अलमेलुकडे होतं आणि खांबाकडे कान.

"अलमेलु," ते तमिळमध्ये म्हणाले, "त्या खांबाजवळच्या अम्मांना विचार, पडल्या त्याच्या आदल्या रात्री त्या काय जेवल्या होत्या."

"समोर तर बसल्यात, तुम्हीच विचारा," असं म्हणायला अलमेलुनं तोंड उघडलं. पण डॉक्टरांचा चेहरा पाहून तिनं निमूटपणे विचारलं.

चंद्रमतीबाईंनी पदर सारखा केला. 

"शनिवार होता," त्यांनी अलमेलुला सांगितलं. "शनिवारी रात्री मी जेवत नाही. पेलाभर ताक घेते."

"आणि दुसऱ्या वेळी?" अलमेलुनंच पुढे विचारलं.

"एकादशी."

"गोळी?"

"घेतली की. या डॉक्टरानं एवढी वाढवून दिलेली, ती न घेता कशी राहीन? उपास देवाचा, गोळी त्याची. दोघांचाही मान ठेवला."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. कितीतरी शनिवारी संध्याकाळी ते सासूबाईंच्या घरी जेवले होते. गरम डोसे, दोन चटण्या. भवानीच्या हातून वाढलं जायचं. जावई जेवून उठल्याशिवाय सासू पानावर बसत नाही, त्यामुळे ती नंतर बसते की नाही हे जावयाला कधीच दिसत नाही.

"शनिवारचं मला ठाऊक होतं," दारात उभी असलेली भवानी हळूच म्हणाली. "उपासाला ती गोळी सोडत असेल, असं वाटलं मला."

"आणि मला वाटलं, त्या जेवत असतील," डॉक्टर म्हणाले. मग अलमेलुकडे वळले. "अम्मांना सांग, ज्या रात्री जेवण नाही, त्या रात्री ही गोळी नाही. पोट रिकामं असलं की ती साखर पार खाली नेते, मग तोल जातो. गोळी न घेतल्यानं डॉक्टरचा अपमान होत नाही, हेंही सांग."

अलमेलुनं सांगितलं. चंद्रमतीबाईंनी मान हलवली, अलमेलुकडे बघून.

"आणखी कोण कोण उपाशीपोटी गोळी घेतं?" डॉक्टरांनी सगळ्यांना विचारलं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग हनुमंतरावांचा हात वर गेला, त्यांच्यामागून वरलक्ष्मीबाईंचा, आणि थोड्या वेळानं हात खाली असलेला माणूस शोधावा लागला.

दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न उपासाचा विचारला जाऊ लागला, तमिळमध्ये. सोमवार, गुरुवार, अमावास्या, नवस, सगळे उपास गोळ्यांशी जुळवून झाले. चालणं पहाटेवर गेलं. पहाटे कॉफी क्लब उघडलेला नसतो, ही हनुमंतरावांची नवी तक्रारही नोंदवून घेतली गेली. ओट्स लोकाग्रहास्तव मागे घेण्यात आले.

शनिवार गेले, एकादश्या गेल्या. चंद्रमतीबाई पडल्या नाहीत. विश्वेश येऊन चार दिवस राहिला. आई पहाटे उठून अंगण धुते, दारात कोलमची रांगोळी काढते, जिन्याचा कठडा न धरता गच्चीवर जाते, संध्याकाळी मुलींचा सूर चुकला की तिथल्या तिथे थांबवते, हे त्यानं पाहिलं. परत जाताना तो एकटाच गेला.

त्यानंतरच्या एका सकाळी डॉक्टर नेहमीप्रमाणे गाडी घेऊन सासूबाईंना तपासायला आले. भवानी बाजारात गेली होती. गाणं शिकणाऱ्या मुली शाळेत होत्या. चंद्रमतीबाई ओसरीवर एकट्याच बसल्या होत्या. डॉक्टरांनी रक्तदाब घेतला, साखर पाहिली. दोन्ही छान. हे कुणाला सांगावं, म्हणून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कुणीच नव्हतं.

"जावईबापू," चंद्रमतीबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी दचकून वर पाहिलं. त्या सरळ त्यांच्याकडे बघून बोलत होत्या. मराठीत.

"एक सांगायचं होतं. कितीतरी वर्षं मनात आहे. सांगू कां?"

डॉक्टरांनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून बाजूला ठेवला.  ते ओसरीच्या कडेला, त्यांच्यासमोर बसले आणि म्हणाले, "सांगा, अम्मा."

"गाडी जरा पुढे नेऊन लावाल कां? रोज माझ्या दारातल्या कोलमवर चाक जातं."